खर्जाची किंमत : दिवाणखान्यातील ध्वनिक्षेपकाचा इतिहास

१/
ऑक्टोबर १९५४. न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात एका नवख्या कंपनीने एक लाकडी पेटी मांडली. लांबी २५ इंच, म्हणजे जेमतेम दोन फूट. पुस्तकांच्या फळीवर आडवी मावेल एवढी. त्या काळी चर्चमधल्या ऑर्गनचा खोल खर्ज घरात ऐकायचा असेल, तर धान्याच्या कणगीएवढे किंवा कपड्यांच्या कपाटाएवढे ध्वनिक्षेपक दिवाणखान्यात उभे करावे लागत. तोच खर्ज या पेटीतून येत होता, आणि मोठ्या कपाटांपेक्षा अधिक स्वच्छ येत होता.

२/
पेटीचे नाव ‘एआर-१’. किंमत १८५ डॉलर. तिचा निर्माता एडगर व्हिल्चर हा शिक्षणाने अभियंता नव्हता. त्याची पदव्युत्तर पदवी कलेच्या इतिहासातली होती. पुढच्या बारा वर्षांत त्याच्या कंपनीने अमेरिकेतील घरगुती ध्वनिक्षेपकांचा सुमारे एक तृतीयांश बाजार काबीज केला आणि दरम्यान ज्या एकस्वावर, म्हणजे पेटंटवर, हे सारे उभे होते ते न्यायालयात गमावले. ही कथा त्या पेटीची, आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या कर्ण्याची, पडद्याची आणि छिद्रवाल्या खोक्याचीही.

३/
आधी थोडे मागे जावे लागेल. ध्वनिक्षेपकाचे हृदय म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे. ही कल्पना जर्मनीच्या वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ मध्येच नोंदवली होती. पण त्या वेटोळ्यातून सोडण्याजोगा विद्युत् संदेशच तेव्हा उपलब्ध नव्हता. ग्रॅहम बेल यांचा टेलिफोन आणखी दोन वर्षांनी आला. १८९८ मध्ये इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी त्याच तत्त्वावर पेटंट घेतले. त्यालाही गिऱ्हाईक मिळाले नाही, कारण क्षीण संदेश बलवान करणारी निर्वात नळी जन्माला यायची होती. शोध लागणे आणि शोधाची वेळ येणे या दोन निराळ्या गोष्टी असतात. या इतिहासात त्यांची चुकामूक वारंवार दिसेल.

४/
नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबर १९१५ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम यांनी आपल्या ‘मॅग्नाव्हॉक्स’ यंत्रातून भाषण आणि संगीत ऐकवले. जमाव सुमारे एक लाखाचा असल्याचे सांगितले जाते. यंत्राला ग्रामोफोनसारखा कर्णा होता. आपल्याकडे आजही सभेच्या मांडवात आणि रिक्षाच्या टपावर दिसणारा भोंगा हा त्याच कुळातला.

५/
कर्णा आवाज मोठा का करतो? तो ऊर्जा निर्माण करीत नाही. लहान पडदा मोकळ्या हवेत हलला की हवा बाजूला सरकते आणि पडद्याचे बरेच श्रम वाया जातात. रिकाम्या पाण्यात हात फिरवावा आणि बोटांमधून पाणी निसटावे, तसे. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात मात्र हवेला बाजूला सरकायला जागा नसते. पडद्याचा धक्का हवेला पुरेपूर बसतो, आणि मग हळूहळू रुंदावणारी नळी तो धक्का बाहेरच्या मोकळ्या हवेच्या हवाली करते. तुतारी फुंकणाऱ्याला हे गणित येण्याची गरज नसते. त्याचा अनुभव मात्र हाच असतो.

६/
१९२०च्या दशकात आकाशवाणीचे संच घरोघरी आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरही छोटा कर्णा बसला. तो फार वाईट वाजे. लहान कर्णा खर्ज सोडू शकत नाही, आणि वरच्या पट्टीतही त्याचे स्वतःचे काही लाडके सूर असतात. तेवढे तो ओरडून सांगतो. प्रत्येक संचाचा आवाज नाकातून आल्यासारखा होता, आणि प्रत्येकाचे नाक वेगळे.

७/
या नाकाचा इलाज १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी केला. त्यांनी अनेक रचना तपासून पाहिल्या आणि शेवटी कर्णा काढूनच टाकला. कागदाचा एक लहान शंकू, त्याच्या मागे वेटोळे, आणि कडेला मऊ आधार. युक्ती अशी की शंकूचे स्वतःचे नैसर्गिक कंपन ऐकू येणाऱ्या स्वरांच्या अगदी तळाशी ढकलायचे. त्याच्या वरच्या स्वरांत शंकू कोणत्याही एका सुराचा पक्षपात करीत नाही. आज खिशातल्या फोनपासून चित्रपटगृहापर्यंत बहुतेक ध्वनिक्षेपक या निबंधाचे वंशज आहेत. आरसीएने तो ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आणला. सोबत एक वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि किंमत २५० डॉलर.

८/
पण शंकूची एक जन्मजात अडचण होती. तो पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा लांबच लांब असतात. त्या शंकूला वळसा घालून मागच्या लाटेला भेटतात आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. उघडा शंकू हातात धरून वाजवला तर संगीत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते ते यामुळे. उपाय सोपा: मधे भिंत घाला.

९/
काही हौशी लोकांनी हा उपाय शब्दशः केला. घराच्या भिंतीला भोक पाडून किंवा भिंतीतल्या कपाटाच्या दाराला ध्वनिक्षेपक जडवून मागची लाट शेजारच्या जागेत कोंडली. इंग्लंडमध्ये व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज फळ्यांच्या मधे वाळू भरून त्यांची थरथर मारीत. घरातल्या इतर माणसांचे या प्रयोगांविषयी काय मत होते, याची नोंद तांत्रिक नियतकालिकांत आढळत नाही.

१०/
मागच्या लाटेचे काय करायचे? पुढच्या तीस वर्षांचा सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो. बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये एक चतुर उत्तर नोंदवले. पेटी बंद करायची, पण तिला एक छिद्र ठेवायचे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली ज्या सुरात घुमते, त्या सुराजवळ ही पेटीही घुमते, आणि तिथे मागची लाट उलटी होऊन पुढच्या लाटेच्या मदतीला येते. शत्रूलाच पगारी नोकर करण्याचा हा प्रकार. पेटंट १९३२ मध्ये मिळाले. परंतु छिद्र किती मोठे, पेटी केवढी, शंकू कोणता, हे जमवण्याचे खात्रीचे सूत्र कोणाजवळही नव्हते. अंदाज चुकला की प्रत्येक खर्जाचा सूर एकाच सुरात ‘घूं’ करू लागे, आणि अंदाज बहुधा चुकत असे.

११/
दुसऱ्या टोकाला होते पॉल क्लिप्श. रेल्वे इंजिने, तेलाच्या शोधातले भूभौतिकशास्त्र आणि महायुद्धात लष्करी चाचणीक्षेत्रावरची नोकरी असा प्रवास करीत ते अर्कान्सा राज्यातल्या होप या गावी पोचले. त्यांचा विश्वास कर्ण्यावर होता. अडचण आकाराची. ४० हर्ट्झच्या सुराची लाट हवेत सुमारे ८.६ मीटर लांब असते. एवढा खर्ज नीट सोडायचा तर कर्ण्याच्या तोंडाचा परीघ साधारण तेवढाच हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटरच्या आसपास. असा कर्णा घरात आणायचा तर आधी घर बाहेर काढावे लागेल.

१२/
क्लिप्श यांनी घरालाच कर्णा केले. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात. ध्वनीला पसरायला सगळ्या दिशांऐवजी अवकाशाचा आठवा भागच उरतो. त्यामुळे कर्ण्याचे तोंडही आठव्या भागाएवढे पुरते. उरलेली नळी त्यांनी लाकडी पेटीत घडी घालून बसवली, आणि तिचा शेवटचा टप्पा म्हणून खोलीच्या दोन भिंती वापरल्या. १९४६ मध्ये कंपनी निघाली. कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता. ‘क्लिप्शहॉर्न’ आजही तयार होतो. ध्वनिक्षेपकांच्या जगात एवढे दीर्घायुष्य दुसऱ्या कोणत्याही रचनेला लाभलेले नाही.

१३/
त्याचा गुण असा की एका वॉटमध्ये तो घर दणाणून सोडतो. शंकूला फार हलावेच लागत नाही, आणि जे फार हलत नाही ते फार बिघडतही नाही. ढोलाचा घाव, तुताऱ्यांची सलामी अशा अचानक उसळणाऱ्या आवाजात त्याला तोड नाही. दोष असा की खोलीला दोन मोकळे, एकमेकांपासून योग्य अंतरावरचे कोपरे हवेत, आणि आयुष्यभर त्या कोपऱ्यांत दुसरे काही ठेवायचे नाही. त्या वेळी एक कोपरा पुरत असे. दुसऱ्याची गरज कशी निर्माण झाली ते पुढे येईल.

१४/
आता व्हिल्चर. जन्म १९१७, न्यूयॉर्क. रंगभूमीसाठी नेपथ्य करण्याची इच्छा होती. महायुद्धात सैन्याने त्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि न्यू गिनीत संदेशयंत्रांच्या देखभालीवर पाठवले. परत आल्यावर त्यांनी ग्रेनिच व्हिलेजमध्ये रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकले, नियतकालिकांत लिहू लागले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनावर सायंकाळचा वर्ग घेऊ लागले. शिकवायचे म्हणून त्यांना प्रत्येक भाग मुळापासून समजून घ्यावा लागला. त्यात त्यांना जे दिसले ते मोठमोठ्या कंपन्यांच्या डोळ्यांसमोरच पडलेले होते.

१५/
शंकूला मूळ जागी परत आणणारी एक स्प्रिंग लागते. ही स्प्रिंग म्हणजे कडेची नालीदार पट्टी आणि मधले कापडी वेटाळे. खर्जात शंकू खूप पुढेमागे हलतो आणि ही स्प्रिंग ताणाच्या टोकाला अडखळते. दुप्पट ओढली तर दुप्पट जोर लावत नाही. मूळ सुरात नसलेले सूर इथे जन्माला येतात. अभियंते चुंबक सुधारत होते, पेट्या वाढवत होते. स्प्रिंगकडे कोणी संशयाने पाहिले नव्हते.

१६/
व्हिल्चर यांनी स्प्रिंग जवळजवळ काढूनच टाकली. शंकूला इतका सैल आधार दिला की मोकळ्या हवेत तो लटपटावा. मग तो एका लहान, पूर्ण हवाबंद पेटीत बसवला. आत कोंडलेली हवाच स्प्रिंग झाली. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला की जो उलटा जोर जाणवतो, तोच इथे कामाला लावला. हवेची ही स्प्रिंग कापड आणि कागदाच्या कोणत्याही स्प्रिंगपेक्षा कितीतरी अधिक सरळमार्गी असते. गंमत अशी की ती पुरेशी ताठ असावी म्हणून पेटी लहानच असावी लागते. इतरांच्या दृष्टीने लहान पेटी ही तडजोड होती. या रचनेत ती अट होती.

१७/
पहिल्या नमुन्यासाठी व्हिल्चर यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या खोळीचे कापड वापरून कडेचा सैल आधार तयार करून दिला. तो वाजला. व्हिल्चर यांनी आपली कल्पना तेव्हाच्या प्रस्थापित उत्पादकांना विकू पाहिली, नकार मिळाला. असे काही शक्य असते तर आमच्याच माणसांनी केले असते, असा त्या नकारांचा सूर होता. त्यांच्या वर्गात मात्र एक विद्यार्थी होता, सैन्यात नोकरीवर असलेला हेन्री क्लॉस. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला एका माळ्यावर तो ध्वनिक्षेपकांच्या पेट्या बनवत असे. जागा त्याच्याकडे होती, कल्पना गुरूकडे. १९५४ मध्ये दोघांनी ‘अकूस्टिक रिसर्च’ सुरू केली.

१८/
एआर-१ मधला खर्जाचा शंकू १२ इंची होता आणि पेटीत त्याचे नैसर्गिक कंपन सुमारे ४३ हर्ट्झवर बसत होते. कपाटाएवढ्या पेट्यांनाही ते सहज जमत नसे. पण फुकट काहीच मिळत नाही. शंकू जड झाला होता, आणि जड शंकू हलवायला वीज लागते. शंभर भाग वीज दिली तर आवाजाच्या रूपाने जेमतेम एक भाग बाहेर पडे. क्लिप्श यांच्या पंथाला ही उधळपट्टी वाटली, आणि १० - १५ वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर हीच चैन असलेल्या काळात तो आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता.

१९/
या देवाणघेवाणीचा नियम पुढे जोसेफ अँटन हॉफमन यांनी मांडला. प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे ते चिरंजीव. क्लॉस यांनी १९५७ मध्ये एआर सोडून ‘केएलएच’ नावाची कंपनी काढली, तिच्या नावातला ‘एच’ यांचाच. नियम असा: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तीन वरांपैकी कोणतेही दोनच मागता येतात. हिशोबही कठोर आहे. तेवढ्याच कार्यक्षमतेत एक सप्तक खाली उतरायचे तर पेटी आठपट मोठी हवी. पेटी वाढवायची नसेल तर कार्यक्षमता आठव्या भागावर येते.

२०/
क्लिप्श यांनी खर्ज आणि कार्यक्षमता मागितली व आकार सोडला. व्हिल्चर यांनी लहान आकार आणि खर्ज मागितला व वीज सोडली. रिक्षावरचा भोंगा आकार आणि कार्यक्षमता मागतो आणि खर्जावर पाणी सोडतो. म्हणून त्यातून शब्द अर्धा किलोमीटर ऐकू जातात आणि तबल्याचा डग्गा मात्र गायब होतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

२१/
याच सुमारास इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावी पीटर वॉकर हे गृहस्थ पेटी, शंकू आणि चुंबक या तिन्हींना रजा देण्याच्या खटपटीत होते. त्यांची कंपनी ‘क्वाड’ या नावाने ओळखली जाते. त्यांच्या रचनेत दोन सच्छिद्र पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेला, केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा. पडद्यावर विद्युत् भार. खर्जाच्या भागासाठी तब्बल ६,००० व्होल्ट. संगीताचा संदेश पट्ट्यांना दिला की पडदा एकीकडे ओढला जातो, दुसरीकडून ढकलला जातो.

२२/
स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकाची कल्पना जुनी होती, पण तो विकृती फार करीत असे. हार्वर्डचे फ्रेडरिक हंट यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की पडद्यावरचा भार स्थिर ठेवला तर जोर आणि संदेश यांचे नाते सरळ रेषेत येते. वॉकर यांनी पडद्यावर अतिशय कमी वाहक लेप देऊन भाराला जागचे हलूच दिले नाही. १९५५ मध्ये त्यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात हे सविस्तर लिहिले आणि १९५७ मध्ये विक्री सुरू केली. १९८५ पर्यंत सुमारे ५४ हजार नग तयार झाले. दिसायला हा ध्वनिक्षेपक थेट खोली तापवण्याच्या हीटरसारखा, आणि त्यावरून व्हायचे ते विनोद झालेच.

२३/
त्याचा आवाज ऐकून अनेक जाणकारांना पहिल्यांदाच कळले की पेटीलाही आवाज असतो. पडदा इतका हलका की त्याला लागून असलेली हवाच त्याहून भारी. त्यामुळे तो संदेश संपताक्षणी थांबतो. मागे काही घुमत राहत नाही. मानवी कंठ, व्हायोलिन, पियानो यांच्या बाबतीत त्याने घालून दिलेला मापदंड पुढच्या कित्येक दशकांत ओलांडणे कठीण गेले. पण इथेही हिशोब चुकता करावा लागतोच. पेटी नाही म्हणजे मागची लाट मोकळी, म्हणून खोल खर्ज तुटपुंजा. आवाजाला मर्यादा, अति मोठा केला तर आत ठिणगी उडण्याचा धोका. आणि श्रोत्याने बरोबर समोर, ठरावीक जागी बसायचे.

२४/
या तिघांत निकाल कसा लागला? ‘जो उत्तम वाजला तो जिंकला’ हे उत्तर आकर्षक असले तरी अपुरे आहे. निर्णायक घटना ध्वनिक्षेपकाच्या बाहेर घडली. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. आता प्रत्येक घराला एकाऐवजी दोन ध्वनिक्षेपक हवे झाले. एक कपाट सहन करणारे कुटुंब दुसऱ्या कपाटाला जागा कुठून देणार? फळीवरची पेटी एकाएकी जगातली सर्वांत शहाणपणाची वस्तू ठरली. पाठोपाठ १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि वॉट स्वस्त झाला. व्हिल्चर यांनी जी गोष्ट किंमत म्हणून मोजली होती, तिचेच मूल्य काळाने घसरवले. सीमेन्स यांची वेळ चुकली होती. व्हिल्चर यांची अचूक साधली.

२५/
अर्थात वेळ साधली तरी लोकांना पटवावे लागते. १९५८ मध्ये आलेल्या ‘एआर-३’ मध्ये वरच्या सुरांसाठी शंकूऐवजी लहान घुमट होते, जेणेकरून तार स्वर एकाच दिशेला न जाता सर्वत्र पसरावेत. तो घेऊन कंपनीने प्रत्यक्ष मैफली भरवल्या. ‘फाइन आर्ट्स क्वार्टेट’ हे चार वादक मंचावर वाजवू लागत. मधेच ते धनू न थांबवता फक्त वाजवल्याचा अभिनय करीत आणि ध्वनिक्षेपक मुद्रित संगीत पुढे नेत. बदल नेमका कुठे झाला ते श्रोत्यांतल्या बहुतेकांना सांगता येत नसे. सभागृहाचा घुमारा दोनदा बसू नये म्हणून मुद्रण प्रतिध्वनीविरहित वातावरणात केलेले असे.

२६/
हा प्रयोग नवा नव्हता, आणि त्याकडे थोड्या संशयानेच पाहणे बरे. एडिसन कंपनीने १९१५ पासून अशाच ‘स्वरचाचण्या’ गावोगाव केल्या होत्या. अंधारात गायिका थांबे, तबकडी गात राही, आणि लोक थक्क होत. आज त्या तबकड्या ऐकल्या तर थक्क होण्याचे कारणच उरत नाही. गायिका आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत असे, हे अशा चाचण्यांत गायलेल्या अ‍ॅना केस यांनी पुढे सांगितले. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये वॉकर यांच्या मदतीने तुलनेचा असाच जाहीर कार्यक्रम केला आणि तिकिटे संपली. कान सवयीचा गुलाम असतो; प्रत्येक पिढीला तिचे यंत्र ‘अस्सल’ वाटत आले आहे. एआरची चाचणी त्यातल्या त्यात प्रामाणिक होती, एवढे म्हणता येईल.

२७/
कंपनीचे वागणेही वेगळे होते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात आणि केंब्रिजमध्ये तिने ‘संगीतकक्ष’ उघडले होते. तिथे कोणीही यावे, बसावे, ऐकावे. विक्री होत नसे, आणि घेण्याचा आग्रह करणारा विक्रेताही नसे.

२८/
आणि मग पेटंट. १९५६ मध्ये व्हिल्चर यांना ते मिळाले होते आणि केएलएचसह काही कंपन्या परवाना घेऊन पेट्या बनवत होत्या. इलेक्ट्रो-व्हॉइस या कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले. आरसीएच्या हॅरी ओल्सन आणि सहकारी प्रेस्टन यांनी १९४९ मध्येच हवेच्या स्प्रिंगचे पेटंट मिळवले होते, असे निघाले. आरसीएने त्यावर उत्पादन उभे केले नव्हते, पण कायद्याला त्याचे देणेघेणे नसते. व्हिल्चर यांचे पेटंट रद्द झाले. त्यांनी वरच्या न्यायालयात अपील केले नाही. त्यानंतर हवाबंद पेटी सर्वांची झाली आणि जगभरच्या कारखान्यांतून तिच्या आवृत्त्या निघू लागल्या.

२९/
दरम्यान थुरास यांच्या छिद्राची किल्ली सापडली होती, पण ती जगाच्या दुसऱ्या टोकाला पडून होती. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी दाखवले की छिद्रवाली पेटी म्हणजे गणिताच्या दृष्टीने एक विद्युत् गाळणीच आहे, आणि गाळण्यांचे कोष्टक तर अभियंत्यांजवळ तयारच होते. शंकूची मोजकी परिमाणे घ्या, कोष्टकात पाहा, पेटी आणि छिद्र ठरवा. अंदाजाचे युग संपले होते. मात्र ते कोणाला ठाऊक नव्हते. निबंध ऑस्ट्रेलियातल्या नियतकालिकात छापला गेला होता. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेच्या ध्वनिअभियांत्रिकी संस्थेने तो पुन्हा छापला. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम विस्तारले.

३०/
स्मॉल यांच्या हिशोबाने, पेटी आणि खर्जाची खोली तीच ठेवली तर नीट जुळवलेले छिद्र हवाबंद पेटीच्या सुमारे दुप्पट कार्यक्षमता देऊ शकते. लोखंडी नियम मोडत नाही, पण थोडी सवलत मिळते. बदल्यात छिद्राच्या सुराखाली शंकूला धरून ठेवणारी हवेची स्प्रिंग उरत नाही आणि खर्ज एकदम कड्यावरून कोसळतो. हवाबंद पेटीत तो उतारावरून हळू उतरतो. आज बाजारातल्या घरगुती ध्वनिक्षेपकांपैकी बहुसंख्यांच्या पाठीवर किंवा पोटावर जे गोल छिद्र दिसते, ते थील आणि स्मॉल यांचे. दोघांची आद्याक्षरे लावलेली परिमाणे आज प्रत्येक शंकूच्या माहितीपत्रकात छापलेली असतात.

३१/
१९६८ मध्ये आणखी एक वेगळी चाल आली. अमर बोस यांचे वडील ननी गोपाल बोस ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या क्रांतिकार्यामुळे बंगाल सोडून अमेरिकेत गेलेले. या बोस यांच्या ‘९०१’ मध्ये नऊ लहान शंकू होते आणि त्यांतले आठ श्रोत्याकडे पाठ करून भिंतीकडे वाजत. सभागृहात आपल्या कानी येणारा बहुतांश ध्वनी परावर्तित असतो, हा त्यामागचा विचार. घरच्या भिंतीचा घुमारा सभागृहाचा घुमारा नव्हे, हा टीकाकारांचा आक्षेप. दोन्ही बाजूंचे लोक अजून हटलेले नाहीत. ९०१ मात्र २०१६ पर्यंत विकला गेला.

३२/
मग कोणती रचना श्रेष्ठ? १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तेच श्रोते, तेच ध्वनिक्षेपक. एकदा डोळ्यांसमोर ठेवून, एकदा पडद्याआड. दिसत असताना दिलेले गुण आकार, किंमत आणि नाव पाहून दिलेले निघाले. पडदा सरकला आणि पसंती बदलली. कर्णा, पडदा आणि पेटी यांवरून दशकानुदशके झालेल्या वादांचा किती भाग कानांनी लढवला गेला आणि किती डोळ्यांनी, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही.

३३/
व्हिल्चर यांनी १९६७ मध्ये कंपनी टेलिडाइनला विकली आणि ते वुडस्टॉकच्या घरी परतले. वय पन्नास. पुढचे काम त्यांनी ऐकू न येणाऱ्या कानांसाठी केले. श्रवणदोष असलेल्या माणसाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच मोठा वाटतो. त्यामुळे सरसकट सगळे वाढवणारे यंत्र त्याला बोलणे ऐकवण्याऐवजी दणका देते. व्हिल्चर यांनी खालचे आणि वरचे सूर वेगळे करून प्रत्येकातला हळू आवाज अधिक आणि मोठा आवाज कमी वाढवणारी योजना तयार केली आणि १९७३ मध्ये ती प्रसिद्ध केली.

३४/
तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. आधुनिक श्रवणयंत्रे बहुतेक त्याच तत्त्वावर चालतात. २०११ मध्ये ९४व्या वर्षी वुडस्टॉक येथे त्यांचे निधन झाले. एआर-३ ची एक पेटी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.